कोळंबीवालीचा मंगळवार

चिनी वस्तीतल्या आमच्या 'वान लॉय' या चहाच्या हॉटेलात गिऱ्हाइकाला नाव नसतं, चहा असतो. माणूस खुर्चीत टेकला की वेटर एकच विचारतो, कुठला चहा, आणि उत्तर दिलं की बारसं उरकलं. मग तो माणूस मरेपर्यंत मोगरा, नाहीतर शेवंती, नाहीतर लोखंडी देवी, हेही एका चहाचंच नाव. एका बाईंना आम्ही 'गरम पाणी' म्हणतो, कारण त्या चहाच घेत नाहीत. त्यांचा स्वभावही नावाला शोभेल असाच आहे.

आम्हा गाडा ढकलणाऱ्या बायकांचं बारसं गाड्यावरून. लिन-फाँग गोडवाली, मी कोळंबीवाली. वाफाळत्या टोपल्यांची चळत घेऊन टेबलांमधून फिरायचं आणि ओरडायचं, "हा-गाऊऽ, सिऊ-मायऽ." दोन्ही वाफवलेले डम्पलिंग, पहिले कोळंबीचे, दुसरे डुकराच्या मांसाचे, पण डुकरवाली म्हणायची अजून कुणाची छाती झालेली नाही. याम सुक-हान हे माझं नाव पगाराच्या पाकिटावर तेवढं उरलं आहे. त्या नावाने नवरा हाक मारायचा, तो गेला. मुलगा टेक्सासला असतो. तो 'आई' म्हणतो, तेही फोनवर, नव्या वर्षाला.

शेवंती म्हणजे काळ्या चहात शेवंतीची फुलं घालून पिणारा एक म्हातारा. दार उघडायच्या आधीच तो फुटपाथवर उभा असायचा, डोक्यावर तपकिरी लोकरी टोपी. एकट्या माणसांना आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या मोठ्या गोल टेबलावर बसवतात. तिथे सगळे अनोळखी एकत्र बसतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही. शेजाऱ्याच्या कपात चहा ओतायचा, त्याने दोन बोटं टेबलावर टेकवून आभार मानायचे, संपलं. अशी माणसं वर्षानुवर्षं कोपराला कोपर लावून बसतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. गाडे तो आवाजावरून ओळखायचा. माझी हाक जवळ आली की मान वर करायचा आणि म्हणायचा, "उशीर केलास." दार उघडून पाच मिनिटं झालेली असोत की तास, वाक्य तेच. मी म्हणायची, मग उद्यापासून तुम्हीच आत येऊन वाफवा. तो म्हणायचा, मी वाफवले तर हे सगळे मरतील. टेबलावरचे सगळे ऐकलं नाही असं दाखवायचे. मी कोळंबीची एक टोपली त्याच्यापुढे ठेवायची, त्याच्या बिलाच्या कार्डावर शिक्का मारायची आणि पुढे जायची. रोज एवढंच बोलणं, एका शब्दानेही जास्त नाही. माझ्याशी म्हणून कुणी बोललेलं दिवसातलं ते पहिलं वाक्य असायचं, आणि खरं सांगते, कधीकधी शेवटचंही.

नव्या वर्षाचे फटाके संपले, रस्त्यावरचे लाल कागद झाडून झाले, आणि शेवंती यायचा बंद झाला.

आधी वाटलं सर्दी असेल. मग वाटलं, फार दिवस चाललेली सर्दी असेल. त्याच्या खुर्चीत कुणीतरी नवं येऊन बसायचं, मी हाक मारत जवळ जायची आणि समोरून कुणी उशीर केलास म्हणायचं नाही. मी वेळेवर आले आहे हे मला कळेनासं झालं. चिडून मी मॅनेजरला विचारलं, तर तो म्हणाला, म्हातारे लोक, कुठे जाणार आहेत? म्हाताऱ्यांना जायला एकच जागा असते हे त्याला कोण सांगणार.

मंगळवारी मला सुट्टी असते आणि माझा गाडा लिन-फाँग ढकलते. तिला विचारलं, गेल्या मंगळवारी आला होता का? ती हसली. "शेवंती? तो मंगळवारी कधीच येत नाही. मी ढकलते तुझा गाडा, पण त्याला वाढलंय असं मला तरी आठवत नाही. मला वाटलं तुला माहीत असेल."

मी मंगळवारी नसते, मला कसं माहीत असणार? मी तिला काहीतरी तिरसट बोलले आणि टोपल्या भरायला आत गेले. आत वाफेत उभं राहिलं की चेहऱ्याचं काय झालंय ते कुणाला दिसत नाही, एवढी एक सोय आहे.

नाव विचारावं तर नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. वेटरांना नाही, मालकाला नाही. शेवटी मी मोगरा-काकांकडे गेले. ते त्याच्या डाव्या हाताला बसायचे, त्याच्या कपात चहा ओतायचे.

"नाव?" ते म्हणाले. "मी कशाला विचारू? तो काय माझ्या मुलीला मागणी घालायला आला होता?"

मी गाडा तसाच त्यांच्या खुर्चीला लावून उभी राहिले. मागे वाट अडली, 'गरम पाणी' बाई ओरडायला लागल्या. मग काकांनी एक घोट घेतला आणि सांगितलं, एकदा तो छत्री विसरला होता, ती द्यायला ते मागोमाग गेले होते. टेकडीच्या बाजूला, जडीबुटीच्या दुकानावरचा जिना. छत्री दिली, त्याने मान लववली, हे परत आले. नाव तेव्हाही विचारलं नाही.

दुपारी गिऱ्हाइकांची लाट ओसरल्यावर मी ॲप्रन न काढताच निघाले. तसले जिने आम्हा सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. मीही लग्नानंतर पहिली वर्षं तसल्याच जागेत काढली. वर लांबट बोळ, दोन्हीकडे खोल्या, प्रत्येक खोलीत एक माणूस आणि एक पलंग, सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. तिथे एक बाई कमळकंदाचं सूप ढवळत होती. तिने माझ्या ॲप्रनवरचं हॉटेलचं नाव वाचलं आणि पळी खाली ठेवली.

"आलीस एकदाची," ती म्हणाली. "काय बाई, बहीण म्हणायची की कोण? भाऊ जिन्यावरून पडला, ॲम्ब्युलन्स आली, माणसं धावली, आणि तू आज उगवते आहेस."

मी म्हटलं, कुणाची बहीण?

ती ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. हुई बाई तिचं नाव, त्या मजल्याची ती जणू पाटलीण. ती म्हणाली, सेतो वाय-लून रोज सकाळी सांगून जातो, बहिणीकडे खायला चाललो. बहीण 'वान लॉय'मध्ये आहे. त्याच्या पुढ्यात टोपली ठेवल्याशिवाय तिला चैन पडत नाही, असं तो सांगतो. मंगळवारी तिला सुट्टी, म्हणून मंगळवारी तो खोलीतच बिस्किटं खाऊन बसतो. तोंडाची फटकळ आहे पण मनाची चांगली, असं म्हणाला होता. "मनाचं अजून दिसायचंय," हुई बाई म्हणाली.

नाव मला असं कळलं, बहीण म्हणून बोलणी खाताना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी नाही म्हणणारच होते. तेवढ्यात तिने आत जाऊन त्याची तपकिरी टोपी आणली आणि माझ्या हातात ठेवली, धावपळीत राहिली म्हणाली, उघड्या डोक्याने गेला बिचारा. टोपी हातात आल्यावर मला नाही म्हणता आलं नाही.

दवाखाना दोन चौक पलीकडे. मजला विचारून गेले. सहा खाटांचा वॉर्ड, खिडकीजवळ तो, पाय प्लास्टरमध्ये, टोपीशिवाय इतका लहान दिसत होता की मी आधी पुढेच निघून गेले होते. मग मागे वळले आणि त्याच्या खाटेशी उभी राहिले. त्याने माझ्या दिशेने पाहिलं, आणि फार अदबीने विचारलं, "आपण कुणाकडे आलात?"

मला वाईट वाटलं. उगीच का वाटावं? गाडा नाही, वाफ नाही, त्या धुकट डोळ्यांना मी म्हणजे एक आकार. पण वाटलं. मी 'मी आहे' म्हणाले, त्यावर त्याने तितक्याच अदबीने मान हलवली. मी कोण हे काही त्याला उमगलं नाही.

तेव्हा मी इकडेतिकडे पाहिलं, नर्स नव्हती, आणि हळूच हाक दिली. "हा-गाऊऽ, सिऊ-मायऽ."

पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने नाकात नळी असताना हात वर केला. "इकडे एक टोपली." दाराजवळचा म्हणाला, कोंबडीचे पाय आहेत का? पण मी खिडकीजवळच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तो चेहरा हळूहळू माझ्याकडे वळला.

"उशीर केलास," तो म्हणाला.

मी त्याच्या डोक्यावर टोपी घातली, नीट कानांपर्यंत ओढली. त्याच्या उशाशी पाण्याचा जग होता, त्याचं झाकण काढून तिरकं ठेवलेलं. आमच्याकडे किटलीचं झाकण असं ठेवलं की वेटर न बोलता गरम पाणी ओततो. पण त्या जगमधलं पाणी बर्फाचं होतं. मी बाहेर जाऊन गरम पाणी मागून आणलं, त्याच्या कपात ओतलं, आणि त्याने दोन बोटं चादरीवर टेकवली.

तेवढ्यात क्वान नावाची एक तरुण मुलगी आली. घरी जाणाऱ्या पेशंटांची सोय लावणं हे तिचं काम. जन्म इथलाच, आपली भाषा आजीकडून शिकलेली, त्यामुळे गंभीर गोष्टीही ती लहान मुलाला समजवावं तशा सांगायची. तिने सांगितलं, आजोबांचा पाय आता जिना चढणार नाही. सांभाळणारं घरचं कुणी नसेल तर त्यांना वृद्धांच्या निवासात पाठवायचं. शहरात जागा नाही, खाडीपलीकडे, बरंच आत, एका ठिकाणी आहे. लोक चांगले आहेत तिथले. आपली भाषा बोलणारं कुणी नाही, पण चांगले आहेत.

"शेजाऱ्यांनी कळवलंय, आजोबांची एक बहीण आहे म्हणून," ती म्हणाली. "त्या तुम्हीच का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पडल्या जागी ताठ झाला होता, नजर छताला. खोटं पकडलं गेल्यावर माणूस कसा दिसतो ते मला दिसलं. आणि मला माझी खोली दिसली. तळमजला, पायरी एकच. नवऱ्याचा पलंग अजून तसाच भिंतीशी, त्यावर मी घड्या घातलेले कपडे ठेवते, नाहीतर तो फार रिकामा दिसतो.

"हो," मी म्हणाले. "धाकटी."

मुलीचा जीव भांड्यात पडला. ती खुर्ची ओढून बसली, माझ्या घराबद्दल विचारू लागली. जिना आहे का, न्हाणीघर आत आहे का, दिवसा कोण असतं. मी भराभरा सांगत होते, दिवसाचं मी बघीन म्हणत होते. तेव्हा खाटेवरून आवाज आला, एकदम स्पष्ट.

"ही माझी बहीण नाही. चहाच्या हॉटेलातली कोळंबीवाली आहे. मला बहीण नाही. मी खोटं सांगत होतो."

क्वानने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिने मला काही विचारलं नाही, हा तिचा चांगुलपणा. फक्त हात माझ्या दंडावर ठेवला आणि म्हणाली, मी जरा वेळाने येते.

ती गेल्यावर माझं डोकं फिरलं. मी त्याला बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हटलं, वर्षानुवर्षं माझ्या नावावर नातं चालवलंत, मला न विचारता. आज मी ते कबूल केलं तर परक्या मुलीसमोर मला तोंडावर पाडलंत. आणि आता जा खाडीपलीकडे, तिथे तुम्हाला काय दुखतंय हेसुद्धा कुणाला कळणार नाही.

त्याने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाला, "तिकडे मजल्यावर रविवारी सगळ्यांकडे कुणी ना कुणी यायचं. पुतण्या, सून, कुणीतरी. मलाही विचारायचे. तुझा आवाज रोज कानावर पडायचा, म्हणून तुलाच बहीण केलं. तेवढ्याने तुझं काही बिघडत नव्हतं." पुढे तो म्हणाला, "हे वेगळं. बहीण म्हटलं की तुला मला उचलावं लागेल, धुवावं लागेल. भावाचं करावंच लागतं. कोळंबीवालीला तसली सक्ती नाही."

मी म्हटलं, मला सक्ती चालली असती.

"म्हणूनच सांगितलं," तो म्हणाला.

मी त्याची चादर सारखी केली. मग विचारलं, माझं नाव माहीत आहे का? नाही म्हणाला. मी सांगितलं, याम सुक-हान. त्याने ते मनातल्या मनात घोळवलं, ओठ हलले. चांगलं आहे, म्हणाला, आणि त्याने डोळे मिटले. निघताना मी म्हटलं की मी तिकडे येईन भेटायला. त्याने डोळे न उघडता सांगितलं, येऊ नकोस, फार लांब आहे, एका सुट्टीच्या दिवशी बाई माणसाने पाय पसरून पडावं. लिफ्टमध्ये मी रडले. माझ्याबरोबर एक फुलांचा गुच्छ घेतलेला माणूस होता, तो आकडे बघत राहिला.

दोन-तीन दिवसांत त्याला हलवलं. मला क्वानने फोन करून पत्ता सांगितला, मी तो मागितला नव्हता. गोल टेबलावर मी मोगरा-काकांना म्हटलं, सेतो वाय-लून खाडीपलीकडे गेले. कोण, ते म्हणाले. शेवंती, मी म्हणाले. "अच्छा," ते म्हणाले आणि किटली उचलून डावीउजवीकडे पाहू लागले, आता ओतायचं कुणाच्या कपात. उजवीकडे एक पर्यटक पोरगी फोनवर फोटो काढत होती. त्यांनी तिच्या कपात ओतलं. तिला बोटं टेकवायची माहीत नव्हतं.

मंगळवार आला. मी ठरवलं होतं की जायचं नाही. माणूस स्पष्ट सांगतो नको, सर्वांसमोर सांगतो ही माझी कुणी नाही, तर आपण का गळ्यात पडायचं? मलाही मान आहे. मी कपडे धुतले, वाळत घातले, नवऱ्याच्या पलंगावरच्या घड्या उचलून परत तिथेच ठेवल्या. मग हॉटेलात गेले. लिन-फाँग माझा गाडा ढकलत होती. तिच्याकडून कोळंबीची एक टोपली डब्यात भरून घेतली. कुणासाठी, तिने विचारलं. मी म्हटलं, मुकाट्याने शिक्का मार.

आधी खाडीखालून जाणारी गाडी, मग बस, मग दुसरी बस, तिची वाट बघत एका पेट्रोल पंपाशेजारी उभं राहणं. चारी बाजूंना सपाट रस्ते आणि एकही माणूस पायी नाही. डबा मांडीवर गार होत गेला. मी पोचले तेव्हा दुपार कलली होती.

दाराशी टेबलामागे एक धिप्पाड बाई होती. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याचं नाव सांगितलं. तिचा चेहरा एकदम उजळला.

"तुम्ही त्यांच्या बहीण का?" तिने विचारलं. "देवा. ते सकाळपासून कोट घालून, टोपी घालून बसलेत. नाश्त्याला आले नाहीत, जेवायला आले नाहीत. आम्हाला त्यांची भाषा येत नाही, त्यांना इंग्रजी चार शब्द येतात. त्यातले तीन तेच सांगतात. सिस्टर. ट्यूसडे. कम."

तिने बोळाच्या टोकाकडे बोट दाखवलं. मी चालत गेले. तो दाराकडे तोंड करून चाकाच्या खुर्चीत बसला होता, कोटाची सगळी बटणं लावलेली, टोपी कानांपर्यंत. शेजारच्या मेजावर किटली नव्हती, प्लास्टिकचा मग होता. त्याचं झाकण तिरकं ठेवलेलं होतं.

मला हाक मारायची होती, सवयीची हाक. पण मी नुसती चालत पुढे गेले. माझी पावलं ऐकून त्याने मान वर केली. ती कुणाची आहेत हे त्याला कळलं नाही.

"कोण?" त्याने विचारलं.

"बहीण," मी म्हणाले.

त्याने हात कोटाच्या बटणांवरून खालपर्यंत फिरवला, सगळी लागलेली आहेत ना ते पाहिल्यासारखा.

"उशीर केलास," तो म्हणाला.